कमी वाट्याचा वास

३ एप्रिल २०२५

आज लाखनीला येऊन पोहोचले. सिहोरा ते तुमसर, तुमसर ते भंडारा, भंडारा ते लाखनी अशा तीन गाड्या बदलल्या आणि तिन्हींत बसायला जागा मिळाली. महामार्गावर अंजू छत्री घेऊन उभी होती. माझ्या हातातलं गाठोडं तिने न बोलता घेतलं आणि छत्री माझ्यावर धरली.

अंजू काम करते ते केंद्र म्हणजे एक बंद पडलेली राईस मिल. आतून चुना मारलाय, दोन खोल्यांत एसी बसवलाय, पण भिंतींच्या भेगांत अजून कोंडा आहे. पंखा जोरात लावला की तो ताटात पडतो. मागच्या बाजूला आम्हां मायलेकींना एक खोली दिली आहे. दोन खाटा, गॅस आणि एक खिडकी. खिडकीतून शेजारच्या गावचा तलाव दिसतो. पाणी अर्ध्यावर आलंय, बगळे चालत चालत मधोमध जातात. मला खोली आवडली.

माझं काम दोन प्रकारचं. दुपारी वीस माणसांचा स्वयंपाक, आणि तपासणीला आलेल्या लोकांचे केस धुणं. त्यांच्या डोक्याला तारांची टोपी लावतात. तिच्याखाली एक चिकट जेल चोपडतात, ती साध्या पाण्याने निघत नाही. लोकांची डोकी धुण्याचा पगार मिळतो हे ह्यांना कळलं असतं, तर दोन दिवस हसले असते.

ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. हे तुमसरच्या एका वाचनालयात शिपाई होते. माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं सगळं मी ह्यांनी शिवायला घरी आणलेल्या फाटक्या पुस्तकांतून शिकले. रोज चार ओळी लिहायची सवयही ह्यांचीच. ती मी चालू ठेवली आहे.

लोकांना सांगते की पगारासाठी आले. खरं म्हणजे अंजूसाठी आले. हे गेल्यापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. सहा महिन्यांपूर्वी तिला इथे मॅडमच्या हाताखाली काम मिळालं, आणि स्वयंपाकाला बाई हवी आहे असा निरोप तिनेच धाडला. एका खोलीत राहिलो तर बोलेल, असं मला वाटतं. आज जेवताना स्वतःहून म्हणाली, "तुह्या हातचं वरण लय दिवसांनी खाऊन राहिली, आई." मी मान वर केली नाही. केली असती तर ती गप्प झाली असती.

५ एप्रिल

रिता मॅडम नागपूरच्या. मेंदूच्या डॉक्टर, पण रोगी तपासत नाहीत. माणूस पैशाचा निर्णय घेतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय होतं, हे शोधतात. मी विचारलं, त्यात शोधायचं काय, फायदा दिसला की माणूस हो म्हणतो. त्या म्हणाल्या की अर्थशास्त्र शिकवणारेही बरीच वर्षं हेच धरून चालले होते.

मग त्यांनी मला खेळ समजावला. दोन माणसं, शंभर रुपये. एकाने वाटणी करायची. समजा त्याने नव्वद स्वतःला ठेवले आणि दहा तुला दिले. तू हो म्हटलंस तर तुला दहा, त्याला नव्वद. नाही म्हटलंस तर दोघांनाही काही नाही. हिशेबाने पाहिलं तर दहा रुपये सोडणं वेडेपणाच. तरी लोक सोडतात. समोरच्याचे नव्वद बुडावेत म्हणून स्वतःचे दहा बुडवतात.

का, ते मॅडमनी चित्रावर दाखवलं. मेंदूच्या आत, कानाच्या वरच्या बाजूला एक घडी असते. सडक्या वस्तूचा वास आला की ती जागी होते. आणि कोणी आपल्याला कमी वाटा दिला, तरी तीच जागी होते. म्हणजे कुजका मासा आणि अन्याय माणसाला एकाच जागी कळतात. मी ते चित्र बराच वेळ पाहिलं. इतकी वर्षं वाचते आहे, पण इतकी खरी गोष्ट कुठे वाचली नव्हती.

घडी ओरडते, आणि कपाळाच्या उजव्या बाजूचा एक भाग ते ऐकून माणसाला 'नाही' म्हणायला लावतो. मॅडमकडे आठच्या आकड्यासारखी एक कॉईल आहे. ती कपाळावर धरली की टक टक टक वाजते आणि तो भाग थोडा वेळ सुस्त पडतो. मग माणूस कमी वाटाही घेतो. मुंबईच्या कुठल्याशा कंपनीला हे जाणून घ्यायचं आहे. मी विचारलं, मग त्या घडीचं काय होतं? मॅडम म्हणाल्या, ती जागीच राहते, पण तिचं कोणी ऐकत नाही.

९ एप्रिल

शेजारच्या गावातले चौदा जण तपासणीला येतात. प्रत्येकाने सहा वेळा बसायचं. देवाजी नावाच्या माणसाने त्यांना जमवलं. पांढरे बूट, नवी मोटारसायकल, आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात.

केस धुताना गंमत येते. ललिताबाई म्हणून एक आहे, माझ्याच वयाची. ती म्हणाली, "माह्या लगनात हळद बी एवढी नोती चोपडली वो वयनी, जेवढं ह्या पोट्ट्याईनं हे चोपडलं." मागे रांगेत बसलेला सुखराम म्हणाला, तेव्हा चोपडलं असतं तर नवऱ्याच्या हातून निसटून गेली असती, बिचारा वाचला असता. बाया पाणी सांडेपर्यंत हसल्या.

सुखरामला गावात मान आहे. दर उन्हाळ्यात तलावाचं पाणी उतरलं की सगळं गाव मिळून मासे काढतं, आणि पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, पळसाच्या पानांवर त्याचे वाटे घालतात, घरटी एक. हे वाटे तीस वर्षं सुखराम घालतो. पद्धत अशी की वाटे घालणाऱ्याने सर्वांत शेवटी उचलायचं. म्हणून त्याचा हात कधी वाकडा जात नाही. कमीजास्त झालं, तर कमी त्याच्याच पदरात येणार.

मॅडमना हे ऐकून फार आनंद झाला. पैशापेक्षा हेच बरं, म्हणाल्या, लोकांच्या रोजच्या जगण्यातलं. आता तपासणीत नोटा नसतील, मासे असतील. सुखरामने दोन वाटे घालायचे, एक मोठा, एक मूठभर झिंग्यांचा. मोठा वाटा देवाजी आधी उचलणार. समोरच्याने उरलेला घ्यायचा, नाहीतर दोन्ही वाटे कुत्र्यांना.

सुखरामने डोक्यावरचा दुपट्टा काढून हातात धरला. "मॅडम, वाकडा वाटा घालून पहिले उचलनं, ह्याले आमच्या गावात चोरी म्हनतेत." मॅडम म्हणाल्या की हे खरं नाही, नाटक आहे. शिकलेल्या बाईला उलट बोलायचं नाही, म्हणून तो हो म्हणाला.

पण मासे खरे होते. देवाजी रोज मोठे वाटे मोटारसायकलला लावून ढाब्यावर विकायला नेतो.

१४ एप्रिल

पहिल्या दिवशी कॉईल लावली नव्हती, तेव्हा चौदांतल्या अकरांनी नाही म्हटलं. ललिताबाई तर उभी राहिली. "कुत्र्याले टाक, बाप्पा, पन ह्या देवाजीले नोको देऊ." आता कॉईलखाली सगळे हो म्हणतात. ललिताबाई मूठभर झिंगे पदरात घेते, "बरं हाय" म्हणते आणि हसते. तेच हसणं चौदा चेहऱ्यांवर पाहिलं. मॅडमनी सगळ्यांना पेढे दिले.

अंजू डोकं दुखतं म्हणाली. मी तेल लावायला बसले तर केसांच्या मुळाशी ती जेल लागली. यंत्र चालू करताना कधीकधी तिच्यावर लावून पाहतात म्हणे.

तिच्याबद्दल एक गोष्ट मी सरळ लिहून ठेवते. हे गेल्यावर वाचनालयाचे दोन लाख मिळाले. ते मी मुलाला, बंटीला दिले, सिहोऱ्यात मोबाईल दुरुस्तीच्या दुकानासाठी. अंजूला नर्सिंगला जायचं होतं, तिला काही दिलं नाही. मुलगा कमावता झाला तर बहिणीला पाहील असा विचार केला. बंटी वाईट नाही. पण त्याने पाहिलं नाही. मीही मागितलं नाही.

२२ एप्रिल

आज जेवणाच्या पंगतीत ललिताबाईने ताट नाकाशी नेलं. "वास येऊन राहिला वो वयनी. सडल्या मासोळीचा."

मी घाबरले, उन्हाळ्याचे दिवस. ताटात वरणभात आणि वांगं-बटाटा, सकाळचंच. मीही वास घेतला. काही नव्हतं. ती मात्र नाक दाबून शेजारच्या ताटाकडे पाहत होती. त्या ताटात बटाट्याची एक फोड जास्त होती. तिने ती उचलली, नखाने अर्धी केली, अर्धी आपल्याकडे घेतली. मग परत वास घेतला. म्हणाली, गेला. आणि जेवायला लागली.

बाकीचे जेवायचे थांबले होते. सगळे आपापल्या शेजाऱ्याचं ताट पाहत होते.

२७ एप्रिल

ललिताबाई आली नाही. दुपारी गावातून बातमी आली. तिने आणि तिच्या जावेने मिळून मोहफुलं वेचली होती. जावेने वाटणी केली. ललिताबाई म्हणाली, वास येतो. जाऊ हसली. ललिताबाईने पाट्यावरचा वरवंटा उचलून तिच्या हसत्या तोंडावर मारला. एकदा नाही. जावेचे पुढचे सगळे दात ओट्यावर पडले.

मग ती खाली बसली, पडलेले दात मोजले, आणि त्याच वरवंट्याने आपल्या तोंडावर मारत राहिली. तितकेच पडेपर्यंत.

दोघी भंडाऱ्याला भरती आहेत. मॅडम म्हणतात, घरातलं जुनं भांडण असेल, तपासणीशी संबंध नाही. असं म्हणताना त्या पेनाचं झाकण सारखं लावत होत्या आणि काढत होत्या.

अंजूने विचारलं, दात सारखे पडले का? मी म्हटलं, हे काय विचारणं झालं. ती म्हणाली, "तसंच विचारून राहिली."

३० एप्रिल



सकाळी नऊला सुखराम फाटकात येऊन बसला. समोर पळसाची दोन पानं. मला वाटलं मासे आणले. मॅडमना बोलवा म्हणाला. त्याचा उजवा हात धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला होता आणि तो सोगा पूर्ण लाल होऊन खाली गळत होता.

पानांवर बोटं होती. एका पानावर दोन, दुसऱ्यावर दोन. त्याने लांबी मापून जोड्या लावल्या होत्या. मधलं लांब बोट आणि करंगळी एका पानावर. उरलेली दोन दुसऱ्या पानावर. ज्या हाताने वाकडे वाटे घातले, त्या हाताची. घरून कुऱ्हाडीने तोडून, पानात बांधून, दोन किलोमीटर चालत आला होता.

मॅडम आल्या तसा तो हसला. तेच हसणं. म्हणाला, "उचला मॅडम. पहिले तुमी."

मॅडम तिथेच ओकल्या. मी त्याच्या मनगटाला लुगड्याचा काठ फाडून करकचून बांधला. त्याचं सगळं लक्ष पानांकडे होतं. मला हळूच म्हणाला, "बाई, आता वास नाई येऊन राहिला. किती दिवसांनी."

तपासणी बंद केली. मॅडम म्हणतात पंधरा दिवसांत सगळे निवळतील. त्यांना माहीत नाही. त्यांचा चेहरा सांगतो की माहीत नाही.

२ मे

मॅडम फोनवर असताना त्यांच्या टेबलावरची नोंदवही वाचली. आयुष्यभर जे हाताशी येईल ते वाचलं, हेही वाचलं.

चौदा नावं. प्रत्येकापुढे सहा खुणा. बारावा सुखराम, सहा. नंतर खाली वेगळ्या शाईने पंधरावं नाव.

अंजू श्यामराव. एकेचाळीस.

पुढे प्रत्येक खुणेवर एकच शब्द. स्वीकार. स्वीकार. स्वीकार. चार पानं.

मॅडमना विचारलं. आधी म्हणाल्या ती फक्त मदत करायची. मग म्हणाल्या तीच म्हणायची, मले बसवा, बरं वाटते. मग रडायला लागल्या. मी विचारलं, सहा वेळा बसलेला माणूस बोटं तोडतो, एकेचाळीस वेळा बसलेली माझी मुलगी काय करेल? त्यांनी पर्स उचलली आणि गाडीकडे गेल्या. उद्या नागपूरहून मोठ्या डॉक्टरांना घेऊन येते म्हणाल्या.

४ मे

मॅडम आल्या नाहीत. फोन बंद.

अंजूला म्हटलं, चल, भंडाऱ्याच्या दवाखान्यात दाखवू. ती खाटेवर बसून होती. तिने विचारलं, "आई, तुले वास नाई येत?"

मी म्हटलं, कशाचा?

म्हणाली, तुझाच.

मी दोन लाखांचं बोलले. म्हटलं चुकले, बंटीकडून अर्धे मागून देते. तिने मान हलवली. पैशाचं नाही, म्हणाली. मग सगळं बोलली. तीन वर्षांत बोलली नव्हती ते सगळं, आणि आवाज जराही चढला नाही.

हे भंडाऱ्याला भरती होते. चार दिवस. अंजू गोंदियाला मामाकडे होती, बारावीचे पेपर चालू होते. मी भावाला सांगून ठेवलं की तिला काही बोलू नको. बंटी चारही दिवस ह्यांचा हात धरून बसला. हे गेले, अग्नी दिला, राख थंड झाली. तिसऱ्या दिवशी तिचा शेवटचा पेपर झाला, तेव्हा सांगितलं. तिचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून.

ती म्हणाली, "बंटीले पूरा बाप भेटला. मले काय भेटलं? एकाहत्तर टक्के."

मी तिच्या पायाशी बसले. ती हसली. तेच हसणं — आणि म्हणाली, बरं हाय.

६ मे

देवाजी मेला.

पाहिलं ते लिहिते. पोलिसांना सांगणार नाही ते इथे लिहिते.

सकाळी उठले तर अंजूची खाट रिकामी. खिडकीतून पाळीवर माणसं दिसली. धावत गेले. तपासणीचे चौदाही जण होते. ललिताबाई सुद्धा, तोंडाला पट्ट्या. दरवर्षी माशांच्या वाट्याला उभे राहतात तसे रांगेत उभे होते. पांढरे बूट बाजूला नीट जोडीने काढून ठेवले होते.

पाळीवर पंधरा पानं.

सुखराम डाव्या हाताने वाटे सारखे करत होता. या पानावरचं थोडं त्या पानावर. मागे सरून पाहायचा, वास घ्यायचा, पुन्हा वाकायचा. हाड असलेले तुकडे सगळ्यांना. चरबी सगळ्यांना. दगडावर अजून दोन कुऱ्हाडी आणि — डोकं दगडावर होतं. त्याचे पंधरा कसे करायचे ते त्यांना जमत नव्हतं.

मग एकेक जण पुढे आला, वाकला, पान उचललं, बाजूला झाला. शेवटी सुखरामने उचललं.

रांगेत चौथी अंजू होती.

तिच्या हातातून मी ते पान हिसकावलं आणि तलावात फेकलं. तिला ओढत खोलीत आणलं, हात धुतले, कोपरापर्यंत धुतले, कपडे जाळले. ती उभी राहिली. फक्त एकदा विचारलं.

"माहा वाटा काहून फेकला?"

७ मे

पोलीस चौदा जणांना घेऊन गेले. कोणी पळालं नाही. साहेबांनी विचारलं तर सुखराम म्हणाला, "तराजू आना साहेब, मोजून घ्या. कोनाले कमी-जास्त नाई."

पंधरावं पान तलावात तरंगताना सापडलं. ते कोणाचं, हे कोणी सांगितलं नाही.

मला विचारलं. मी सांगितलं, माझी मुलगी ताप येऊन झोपली होती, रात्रभर मी उशाशी होते. साहेबांनी लिहून घेतलं. खाली मी सही केली. शुद्ध अक्षरात.

चूक की बरोबर, माहीत नाही. आई आहे —

अंजू भिंतीकडे तोंड करून पडली आहे. नाक दाबून.

८ मे

अंजू नाही.

विळा नाही. स्वयंपाकघरातली विळी आहे, मिलच्या कोपऱ्यात पडलेला धान कापायचा विळा नाही.

बंटीला फोन — लागत नाही. लागत नाही. गाडीत बसले आहे, साकोलीकडून येणारी, भंडाऱ्याला उतरून —

कंडक्टर म्हणाला, काय झालं बाई. मी तिकिटाचे पैसे पुढे केले.

काल सही केली नसती तर ती आज कोठडीत असती. बंटी दुकानात हसत बसला असता. मी ठरवलं, तिला काय कळू द्यायचं, तिला काय मिळू द्यायचं — परत मीच ठरवलं —

८ मे, सिहोरा

दुकानाचं शटर आतून बंद. रस्त्यावर गर्दी, लांब उभी. पेट्रोलचा वास, हा खरा, सगळ्यांना येतो. बंटी आत आहे. आवाज येतो त्याचा. ओरडत नाही आता, कण्हतो.

पोलीस आले. अंजू आतून म्हणाली, शटरला हात लावला तर काडी ओढीन, मग कोणालाच काही नाही. त्यालाही नाही, मलाही नाही.

मी आवाज दिला. ती म्हणाली, "आली का वो. लिही मंग. वाटे घाल. बरोबर झाले तं सोडते ह्याले."

वही होती. पान फाडलं. दोन लाख, अर्धे अर्धे. घर, अर्धं अर्धं. माझे मंगळसूत्राचे मणी, मोजून. शटरखालून सरकवलं.

पान परत आलं. ओलं. म्हणाली, वास येते.

दुसरं. सगळं अंजूला, बंटीला काही नाही. परत आलं. म्हणाली, हेही वाकडंच. बंटी किंचाळला — काय केलं तिने — शटरखालून रक्त येतंय, बारीक, पायरीपर्यंत —

म्हणाली, "माय, पैशाचं नोको लिहू. बापाचं लिही."

ह्यांचे तुकडे कसे करू. हे राख झाले. तीन वर्षं. वैनगंगेत सोडले. कुठून आणू —

बंटीला बाप, शेवटचे चार दिवस, हात हातात.

अंजूला —

कळलं. कळलं मला. एकच आहे देण्यासारखं.

बंटीला बाप. अंजूला आई. शेवटपर्यंत. हात हातात.

सरकवलं.

पानाचा वास घेते आहे. ऐकू येतंय.

शटर हातभर उचललं. बंटी सरपटत — बंटी बाहेर. एक कान नाही, गळा ठीक आहे, जिवंत आहे, लोकांनी ओढून घेतला. जिवंत आहे.

वाकून आत आले. कोणीतरी माझा पदर धरला होता, सोडवला. तिने शटर खाली ओढलं. कुलूप.

ती लहानपणी झोपायची तशी मला चिकटून बसली आहे. म्हणाली, गेला वास. माझा हात हातात घेतलाय. डावा. उजव्या हाताने लिही म्हणते, रोज लिही, बाबा लिहायचे तसं.

मी म्हटलं, लवकर कर बाई.

म्हणाली, "नाई वो आई. बंटीले चार दिवस भेटले."

विळा मनगटाला — हळूहळू — अंजू, माझ्या — चार दिवस — आज पहि